थंड कंटेनरमधली अमानत



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हल्ली एक विषय वारंवार येतो. मुलगा दहा-बारा वर्षे आखातात नोकरी करून परतलेला असतो. हाताशी थोडी शिल्लक असते, तिकडच्या एखाद्या दुकानदाराची ओळख असते. घरात बोलणे सुरू होते की इथली कोलंबी, मटण नाहीतर आंबा जहाजाने तिकडे पाठवायचा. अब्बांच्या निवृत्तीची रक्कम आणि अम्मीचे दागिने त्या पहिल्या कंटेनरमध्ये जाणार असतात. म्हणून घरातली एखादी सून किंवा बहीण काळजीने लिहिते, "हा थंड मालाचा धंदा नक्की चालतो कसा, ते साध्या मराठीत सांगा."

मी भाषा शिकवणारी शिक्षिका. पण कोकणातल्या शाळेत हा विषय आपोआप समोर येतो. वर्गातल्या कुणाचा बाप होडीवर असतो, कुणाची आई कोलंबी सोलायला जाते, कुणाचा मामा जहाजावर असतो. तेव्हा या महिन्यात याच विषयावर बोलू.

थंड माल नेणाऱ्या कंटेनरला बंदरावर सगळे "रीफर" म्हणतात. मोठा रीफर चाळीस फूट लांब असतो. त्याच्या भिंतींत उष्णता अडवणारा फोम असतो आणि एका टोकाला शीतयंत्र बसवलेले असते. जहाजावर आणि बंदरावर त्याला विजेचा प्लग लावतात. रस्त्यावर असताना ट्रेलरबरोबर डिझेलवर चालणारा जनरेटर असतो. बाहेरून तो आपल्या घरातल्या फ्रीजचा थोरला भाऊ वाटतो. इथेच पहिला गैरसमज होतो.

रीफर माल गार करण्यासाठी नसतो. आधीच गार केलेला माल गार ठेवणे, एवढेच त्याचे काम. कोलंबी कारखान्यातच गोठवून, तिच्या गाभ्यापर्यंत उणे १८ अंश सेल्सिअस झाल्यावर आत भरायची असते. अर्धवट गोठलेला माल "वाटेत गोठेल" म्हणून भरला, तर कंटेनरच्या पडद्यावर उणे १८ दिसत राहते आणि खोक्याच्या मधोमध मात्र माल उबदार राहतो. कारण यंत्र मोजते ती आतल्या हवेची थंडी. खोक्याच्या पोटात काय चालले आहे, ते त्याला कळत नाही.

माल रचण्याचेही शास्त्र आहे. रीफरची जमीन सपाट नसते. तिच्यावर इंग्रजी टी अक्षरासारख्या आकाराच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. गार हवा त्यांच्यामधून खालून येते, वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे जाते. म्हणून आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला एक लाल रेघ आखलेली असते. तिच्या वर खोके रचायचे नाही. चार खोकी जास्त बसवण्याच्या हव्यासापोटी ती रेघ ओलांडली, की हवेचा परतीचा रस्ता बंद होतो आणि त्या चार खोक्यांपायी बाकीचा माल धोक्यात येतो.

गोठवलेला माल आणि ताजा माल यांतही फरक आहे. गोठलेली कोलंबी निर्जीव असते, तिच्याभोवतीने गार हवा फिरली तरी पुरे. तिची खोकी एकमेकांना चिकटवून रचतात आणि कंटेनरची बाहेरची हवा घेण्याची झडप बंद ठेवतात. द्राक्ष, आंबा, केळी मात्र तोडल्यानंतरही श्वास घेत असतात, उष्णता सोडत असतात. त्यांच्या खोक्यांना भोके लागतात, हवा खोक्याच्या आरपार जावी लागते आणि झडपही थोडी उघडी ठेवतात. प्रत्येक फळाची थंडी वेगळी. द्राक्ष शून्य अंशाच्या आसपास सुखात राहते. केळ्याला तेरा-चौदा अंश लागतात. हापूसलाही साधारण तेवढेच, बारा-तेरा. जास्त गार केले तर जास्त टिकेल, असे समजून आंबा चार अंशांवर ठेवला तर त्याची साल काळवंडते आणि तो नीट पिकत नाही. म्हणजे एकाच कंटेनरमध्ये थोडी कोलंबी आणि थोडा आंबा पाठवू, हा बेत कागदावरच राहतो.

हा व्यापार किती मोठा आहे, हेही पाहू. २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे १७.८ लाख टन मासळी आणि तिचे पदार्थ बाहेर गेले. त्यांची किंमत ६० हजार कोटी रुपयांच्या वर होती. त्यात एकट्या गोठवलेल्या कोलंबीचा वाटा सुमारे ४० हजार कोटींचा, वजन सात लाख टनांपेक्षा थोडे अधिक. हिशेब केला तर किलोला सरासरी साडेपाचशे रुपये पडतात. म्हणजे एका कंटेनरमध्ये वीस टन कोलंबी भरली, तरी एक कोटीहून अधिक किमतीचा माल एका दरवाजाआड बंद होतो. म्हणूनच या धंद्यात एक कंटेनर घर उभे करतो आणि एक कंटेनर घर विकायला लावतो.

आता हा माल किती हातांतून जातो, ते पाहा. जाळ्यातून निघालेल्या मासळीवर होडीवरच बर्फ पडला पाहिजे. बंदरावर लिलाव होतो, तिथून ती सोलणीच्या शेडमध्ये जाते. तिथे बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून डोके आणि कवच काढतात. मग कारखान्यात उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या फ्रीझरमध्ये ती झपाट्याने गोठवतात, शीतगृहात ठेवतात, कंटेनरमध्ये भरतात. ट्रेलर न्हावा-शेव्याच्या बंदरात पोहोचतो, तिथे प्लग लागतो. जहाजावर चढवताना प्लग निघतो, वर गेल्यावर पुन्हा लागतो. जहाजावरचा इलेक्ट्रिशियन रोज फिरून प्रत्येक रीफरचे तापमान नोंदवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सारंग, खलाशी होऊन गेले आहेत. त्यांना विचारा, भर पावसात कंटेनरच्या रांगांमधून ही फेरी मारणे किती जिकिरीचे असते. दुबईच्या जबल अलीला जहाज चार-पाच दिवसांत लागते, पुन्हा तीच उतरवण्याची आणि प्लगची कसरत.

या साखळीत दहा-बारा माणसे असतात आणि बहुतेक जण एकमेकांना कधी भेटत नाहीत. कुणी एकाने डिझेल वाचवायला रात्री धाब्यावर जनरेटर बंद ठेवला, तर बाकीच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. रीफर यंत्रांत तापमानाची नोंद साठत राहते, त्यामुळे चोरी पुढे उघडकीस येऊ शकते. पण तोवर माल गेलेला असतो. अमानत म्हणजे काय, हे मुलांना समजावताना मी पूर्वी शेजाऱ्याच्या किल्लीचे उदाहरण देत असे. आता ट्रेलरच्या चालकाचेही देते. त्याच्या पाठीमागच्या डब्यात कुणाची तरी वर्षाची कमाई असते, कुणाच्या तरी मुलांचे जेवण असते आणि रात्री दोन वाजता त्याला बघणारे कुणीही नसते. अल्लाहशिवाय.

गोठवल्याने जंतू मरतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक जंतू थंडीत फक्त झोपी जातात. माल वितळला की ते जागे होतात, वाढतात. पुन्हा गोठवला की पुन्हा झोपतात, पण वाढलेली संख्या तशीच राहते. बांगडा, सुरमई, कुपा अशा मासळीत तर आणखी एक धोका आहे. ती उबदार जागी राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते आणि आपण म्हणतो, मासळी बाधली. म्हणून होडीवर न टाकलेल्या बर्फाची भरपाई पुढे कोणतेही यंत्र करू शकत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही, अशी विचारणा झाली आणि फसवणाऱ्याशी नाते नाकारले गेले. आज परदेशी बंदरातला तपासनीस खोके उघडतो, गोठलेल्या मालात भोक पाडून तापमापकाची सळई गाभ्यापर्यंत खुपसतो. कृती जवळपास तीच आहे. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो, प्रश्न आतल्याचा असतो.

याच संदर्भात बर्फाच्या लेपाबद्दल सांगायला हवे. गोठवलेली कोलंबी हवेने सुकू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा पातळ थर गोठवतात. त्याला ग्लेझिंग म्हणतात. ही योग्य आणि उपयोगी पद्धत आहे. पण पाकिटावर लिहिलेले निव्वळ वजन हा बर्फ वगळून असले पाहिजे, असा नियम आहे. काही जण लेप जाड करतात आणि पाण्याला कोलंबीचा भाव लावतात. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. तिचा तराजू धान्याच्या दुकानापुरता नाही, हे नव्या व्यापाऱ्याने पहिल्या दिवशीच लक्षात घ्यावे.

समुद्रमार्गे थंडी नेण्याची माणसाची धडपड जुनी आहे. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला जहाजभर नैसर्गिक बर्फ पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी सुमारे शंभर टन पोहोचला. पुढे मुंबई आणि मद्रासमध्येही बर्फघरे उभी राहिली. मद्रासचे बर्फघर आजही चेन्नईच्या किनाऱ्यावर आहे, आता त्याचे नाव आणि काम वेगळे. मग १८८२ मध्ये "डनेडिन" नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे पाच हजार गोठवलेली धडे घेऊन निघाले, त्यात बहुतांश मेंढ्यांचे मटण. ते ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले. उष्ण कटिबंधात असताना आतली गार हवा नीट फिरेना. तेव्हा कॅप्टन व्हिट्सन स्वतः हवेच्या नळीत सरपटत शिरले आणि नवी भोके पाडू लागले. थंडीने ते इतके बधिर झाले की पायाला दोर बांधून त्यांना बाहेर ओढावे लागले. माल उतरला तेव्हा त्यातले एकच धड टाकून द्यावे लागले. त्या एका फेरीमुळे न्यूझीलंडच्या शेतकऱ्याचे नशीब पालटले. आज तिथले मटण आखातातल्या दुकानांत दिसते, त्याची सुरुवात अशी झाली. यंत्र तेव्हाही बिघडत होते. फरक कप्तानाने पाडला.

आपल्या जवळचे उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचे. द्राक्ष तोडल्यावर काही तासांत गार करून, बुरशी लागू नये म्हणून गंधकाचा वायू हळूहळू सोडणारे कागद खोक्यात घालून, ती युरोपला जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे प्रचंड नुकसान झाले. थंडी अचूक होती, तरी माल नाकारला गेला. पुढे २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. द्राक्षाला ते दोन आठवडे परत कोण देणार? गोठवलेला माल अशा वेळी तग धरतो. ताज्या फळाचा मात्र प्रत्येक दिवस मोजलेला असतो.

मांसाच्या निर्यातीत हलाल प्रमाणपत्राचा मुद्दा येतो. इथे "आम्ही मुसलमानच आहोत, आमचा माल हलालच" एवढे सांगून चालत नाही. भारत सरकारच्या नियमानुसार, मांस हलाल म्हणून निर्यात करायचे तर भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली मान्यता असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. कापण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळे त्यात येते. साठवणीत आणि वाहतुकीतही हलाल माल निषिद्ध मालापासून वेगळा ठेवावा लागतो. कंटेनरमध्ये आधी काय होते आणि तो नीट धुतला का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. विचारा.

आता पत्र लिहिणाऱ्या घरांसाठी काही सरळ गोष्टी.

सुरुवातीलाच कारखाना किंवा शीतगृह उभारू नका. मान्यताप्राप्त कारखान्यातून माल तयार करून घेऊन तो आपल्या नावाने पाठवणारे व्यापारी-निर्यातदार असतात. तो मार्ग आधी समजून घ्या. आयात-निर्यात कोड, अन्नसुरक्षेचा परवाना, मासळीसाठी एमपीईडीए आणि फळे-मांसासाठी अपेडा यांच्याकडची नोंदणी, ही पायरी टाळून "ओळखीने होईल" असे सांगणाऱ्यापासून दूर राहा.

विम्याचा कागद पूर्ण वाचा. गोठवलेल्या मालाच्या विम्यात अनेकदा अशी अट असते की शीतयंत्र सलग २४ तास बंद पडले असेल तरच नुकसानभरपाई मिळेल. वीस तास बंद राहून माल बिघडला, तर हाती काही लागत नाही. ही अट सही करण्याआधी माहीत हवी.

माल नाकारला गेला तर काय, हे आधीच ठरवा. नाकारलेला कंटेनर परत आणायचा खर्च असतो, तिथे नष्ट करायचाही खर्च असतो आणि बंदरात तो पडून राहील त्या प्रत्येक दिवसाचे भाडे आणि विजेचे पैसे लागतात. नफ्याच्या हिशेबाबरोबर हा हिशेबही त्याच वहीत मांडा.

आणि भावाभावांतला व्यवहार कागदावर घ्या. कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरामध्ये आहे आणि ती देणे-घेणे लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. सख्ख्या भावाकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे आपल्या घरांत मानतात. उलट, कागद नसल्यामुळे तुटलेली घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दागिने बहिणीचे किंवा पत्नीचे असतील, तर तिचा हिस्सा किती, तोटा झाल्यास तिचे काय, हेही त्या कागदावर लिहा. मेहेरचे दागिने ही तिची मालकी आहे. ते मागता येतात, गृहीत धरता येत नाहीत.

ज्यांना धंदा करायचा नाही, त्यांच्याही घरात हेच शास्त्र रोज चालते. बकरीदनंतर आपण मटणाचे मोठमोठे गोळे फ्रीझरमध्ये कोंबतो. मोठा गोळा हळू गोठतो. हळू गोठताना मांसातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते तंतू फाडतात आणि मटण शिजवताना कोरडे, चिवट होते. अर्धा-अर्धा किलोची चपटी पाकिटे करा, पहिल्या दिवशी ती एकमेकांपासून सुटी ठेवा, तारीख लिहा. वितळवायचे असेल तेव्हा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, ओट्यावर नाही. वितळलेले कच्चे मटण पुन्हा गोठवू नका, शिजवून टाका. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एक दिवस.

दुकानातून गोठवलेले पाकीट घेताना हाताने चाचपून पाहा. मटार किंवा कोलंबी सुटी लागायला हवी. सगळे एकत्र चिकटून ढेकूळ झाले असेल, पाकिटात आतून बर्फाचे खडे साचले असतील, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता असते. कोलंबी घरी आणल्यावर एकदा गार पाण्याखाली वरचा बर्फ धुऊन, कोरडी करून वजन करा. पाकिटावरच्या निव्वळ वजनापेक्षा ते बरेच कमी भरले, तर दुकानदाराला जाऊन सांगा. गप्प बसणे हाही मापात मारणाऱ्याला दिलेला आधारच आहे.

शेवटी त्या सोलणीच्या शेडमधल्या बायकांविषयी. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याला पाठ आहे. कोलंबी सोलणाऱ्या बाईच्या हाताला घाम नसतो, बर्फाचे पाणी असते. बोटे सुजतात, कवचाचे काटे टोचून चिरा पडतात, संध्याकाळी घरी जाऊन त्याच हातांनी भाकऱ्या थापायच्या असतात. उणे १८ अंशांची ही सगळी साखळी तिच्या बोटांपासून सुरू होते. तेव्हा उद्या तुमच्या घरातून पहिला कंटेनर निघणार असेल, तर जहाजाचे भाडे आणि विम्याचा हप्ता ठरवण्याआधी तिला रबरी हातमोजे मिळतात का आणि तिची मजुरी वेळेवर पोहोचते का, हे जाऊन पाहा. हा खर्च किलोमागे फार नसतो. बरकत कुठून येते, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला केव्हाच सांगून ठेवले आहे.